बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये

१

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीच्या मागचं आमचं हे कोर्ट नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. पण कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. बाकडी तीच, पंखे तेच आणि "शांतता राखा" या पाटीखालचा गोंगाटही तोच. नवीन काय, तर न्यायाधीशांपुढचा पडदा. काटकसरीचा हुकूम आला, फाइली स्कॅन झाल्या, मूळ कागद लगद्याला गेले आणि कागद ठेवायला भाड्यानं घेतलेले दोन गाळे सोडून दिले. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते फ्रेम करून लावायला मात्र पैसे मंजूर झाले नाहीत.

त्या दिवशी प्रबुद्ध सोनटक्केच्या खटल्यात शेवटचा युक्तिवाद होता. एका कारखान्याच्या गोदामाच्या रखवालदारावर लोखंडी सळईनं हल्ला केल्याचा आरोप. पोरगा फिटर होता त्या कारखान्यात, आणि आत गेला तेव्हा मिसरूड नीट फुटलं नव्हतं. त्याची बाजू मांडायला सरकारनं दिलेली वकील प्रियंका उभी राहिली.

"मॅडम, रखवालदार कुंडलिकची उलटतपासणी बघा. तो साफ म्हणालाय की हल्ला करणाऱ्याचं तोंड झाकलेलं होतं. मालकानं प्रबुद्धचं नाव सांगितलं, म्हणून मी घेतलं. पान बेचाळीसच्या पुढे."

जज मॅडमनी पडद्यावर बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

बेचाळीस नंबरच्या पानावर सरकारी वकिलानं घेतलेली कुंडलिकची सरतपासणी होती. 'आरोपीनेच मला मारले. तो आज कोर्टात हजर आहे.' खाली ओळ : 'उलटतपासणी, आरोपीतर्फे.' आणि त्रेचाळीस नंबरच्या पानावर वरच लिहिलेलं : 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' त्याखाली कुंडलिकचा अंगठा. मधलं काहीच नाही.

"मी स्वतः घेतली हो उलटतपासणी!" प्रियंकाचा आवाज चिरका झाला. तिच्याकडची प्रत या पडद्यावरूनच ईमेलनं आलेली. तिनं ती आज उघडली होती आणि त्याचाच तिला आता स्वतःवर संताप येत होता.

मागच्या बाकड्यावर प्रबुद्धची आई मीरा बसली होती. ती उठून म्हणाली, "बोलला होता तो, साहेब! मी इथंच बसले होते. अख्ख्या कोर्टानं ऐकलं!"

पण ज्यांनी ऐकलं ते जज आता बदलून गेले होते. आणि कुंडलिक? तो पोटाच्या दुखण्यानं गावी वारला होता. पुन्हा बोलावणार कुणाला!

मॅडमनी सहायक अधीक्षक दर्शना पालेकरला बोलावून घेतलं. "दर्शनाबाई, पान शोधा. नाहीतर ते कुणी काढलं ते शोधा."

दर्शना पडद्याकडे बघत राहिली. तिला पानापेक्षा नंबरांचं नवल वाटत होतं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, सगळे शिक्के ओळीनं. पान काढलं असतं तर नंबर तुटायला हवा होता. म्हणजे ज्यानं पान काढलं, त्यानं पुढचे नंबर पुन्हा मारले. आणि नंबर मारायचं यंत्र कोर्टात एकच होतं. ते राहायचं बाळकाकांच्या कुलपात.

२

बाळ मयेकर म्हणजे रेकॉर्डकीपर. मालवणचा माणूस, निवृत्तीला टेकलेला. दर्शना नोकरीला लागली तेव्हा फाइल कशी बांधायची ते त्यांनीच शिकवलेलं. आता त्यांचीच झडती घ्यायची होती. ते प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसले होते. प्रिंटरवर ठसठशीत चिकटवलेलं : 'कागद वाचवा. दोन्ही बाजू वापरा.'

"काका, यंत्राची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडेच. दुसऱ्या कोणाक दिलंय नाय कधी." खोटं बोलायचं सुचलंही नाही बघा माणसाला. "पण दर्शना, माझ्या आवशीची शपथ, मी कायएक केलंय नाय गो."

"मग नंबर कसे जुळले?"

"ताच तर माका कळना नाय."

"अहो काका, कुणी आलं होतं का फाइल बघायला? आठवा ना!"

काकांनी डोकं खाजवलं. "तो हर्षद येऊन गेलेलो. मालकाच्या वकिलाचो कारकून. स्कॅनिंगाक कागद जाण्याआधी. माझ्या समोर बघल्यान नि गेलो." मग ते प्रिंटरकडे बघून उगाचच हसले. "पयले दिवस बरे होते. नातवाक चित्रां काढूक पाठकोरे कागद घेऊन जाय मी. आता पाठकोरो कागदसुद्धा गावना नाय हय. काय चोरतलंय, सांग?"

दर्शनानं ते बोलणं म्हाताऱ्याचं रडगाणं म्हणून सोडून दिलं. आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं असतं.

दुपारी काकांच्या हातात निलंबनाचा आदेश पडला. तोही दोन्ही बाजूंनी छापलेला. या प्रिंटरला आता एका बाजूनं छापताच येत नव्हतं. सेटिंग वरूनच बंद केलेलं. काकांनी चष्मा लावून पुढची बाजू वाचली, मागची वाचली, आणि डब्याची पिशवी उचलून निघून गेले. जाताना किल्ली दर्शनाच्या टेबलावर ठेवली. ती उचलायला तिचा हात होईना.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिच्या मनात आलं. पण मग चोर कोण? पान गेल्यानं फायदा एकाच माणसाचा होत होता, मालकाचा, आणि त्याच्या वकिलाचा कारकून फाइल बघून गेला होता.

३

हर्षद कोर्टासमोरच्या टपरीवर कटिंग पीत उभा होता. केस चोपडे, खिशाला दोन पेनं.

"या या मॅडम, चहा?"

"चहा राहू दे. कुंडलिकची साक्ष तू बघितलीस ना?"

"बघितली ना. कामच आहे माझं."

"उलटतपासणी होती तेव्हा?"

हर्षद इकडेतिकडे बघत म्हणाला, "होती. आणि मालकाची वाट लावणारी होती. खोटं कशाला बोलू?"

"मग ती गेली कुठे?"

"मला काय विचारता! मॅडम, स्पष्ट बोलू? मालकानं मला सांगितलंच होतं, ते पान गायब होतंय का बघ. मी बघितलं. पण जमण्यातलंच नव्हतं."

"काका बसले होते म्हणून?"

"काका डुलक्या काढत होते. त्यांचं सोडा. ते पान फाडलं असतं तर आमचंच नाक कापलं गेलं असतं. कुंडलिक 'यानंच मारलं' म्हणाला तेही गेलं असतं ना यार! मग प्रबुद्ध सुटलाच असता. आम्ही काय येडे आहोत?"

दर्शना चमकली. सरतपासणी तर पडद्यावर धडधडीत होती. पान फाडलं तर ती कशी जाईल? तिला वाटलं, हा शेंडी लावतोय.

"मग केलंस काय?"

"काय नाय. मालकाच्या शिव्या खाल्ल्या. आणि आता बघा, काम आपोआप झालं. मालक म्हणतो मीच केलं, बक्षीस द्यायला निघालाय. मी कशाला नाही म्हणू?" तो फिदीफिदी हसला.

दर्शनाला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण बोलला ते खोटं वाटत नव्हतं, हीच पंचाईत होती. मग उरलं कोण? कागद काकांकडून निघाले ते थेट स्कॅनिंगवाल्या मिहिरच्या गाळ्यात.

४

मिहिरचा गाळा वसाहतीतच होता, कोर्टानं सोडलेल्या गाळ्यांच्या समोर. आत गारेगार एसी आणि कागद गिळणारं एक यंत्र. कंत्राट कंपनीचं, मिहिर तिथला मॅनेजर. पोरगा हुशार, बोलायला गोड.

"मूळ कागद?" दर्शनानं विचारलं.

"लगद्याला गेले मॅडम. मुदत संपली की पाठवायचे, असाच करार आहे."

"टाइप केलेला मजकूर कुठल्या कॉम्प्युटरात?"

"तुमचे कॉम्प्युटर भाड्याचे होते ना? करार संपला, कंपनीनं साफ करून नेले."

म्हणजे तीही वाट बंद. तिनं बेचाळीस नंबरचं पान त्याच्या पडद्यावर मोठं करायला लावलं. एक्केचाळीस पांढरंस्वच्छ, त्रेचाळीस स्वच्छ. बेचाळीसवर मात्र अक्षरांच्या मागे बारीक करडी धूळ दिसत होती.

"ही घाण कसली?"

"कागद पातळ मॅडम. तुमच्याकडे आता स्वस्तातला कागद येतो. आमचं सॉफ्टवेअर करतं साफ, थोडं राहतं."

"एखादं पान यंत्रात अडकलं, दोन चिकटून गेली, असं होतं?"

मिहिर दुखावला. "मॅडम, हे यंत्र पानं मोजतं. आले तेवढे कागद निघाले. आणि आमच्याकडे एक कोरं पान चुकून जात नाही आता. सुरुवातीला तेवढं झालं होतं. तुमच्या ऑडिटनं बिल अडवलं, कोऱ्या पानांचे पैसे लावता म्हणून. तेव्हापासून सेटिंगच बदललं. आता सगळं झकास."

दर्शना रित्या हातानं परतली. गेटापाशी मीरा उभी होती. महापालिकेच्या शाळेत ती पोषण आहार शिजवायची; तिथून सुटून रोज यायची.

"ताई, सापडलं का पान?"

"शोधतेय, मीराताई."

"तो बोलला होता हो. हात जोडून बोलला होता माझ्या पोराकडे बघून."

"मला खरं वाटतंय तुमचं," दर्शना म्हणाली. पण तिच्या खरं वाटण्याला विचारतं कोण?

५

रविवारी कांदिवलीच्या घरी दर्शना कांदा चिरत होती. डोक्यात तेच चक्र. काका खरे, हर्षद खरा, मिहिरही खरा. मग पान काय भुतानं नेलं?

सासूबाई, म्हणजे सुहासिनीबाई, भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी उभ्या होत्या. "अगं दर्शना, जरा हे वर धर गं. मागे फणसाच्या सांदणांची कृती आहे, मला वाचायचीय."

"फाडून घ्या ना आई, सोपं पडेल."

"फाडून कसं घेऊ? पुढे माझ्या तारखा आहेत. दूधवाल्याचे खाडे गेले सगळे म्हणजे!"

दर्शनानं पान वर धरलं. खिडकीतून ऊन आलं, आणि तारखांच्या चौकोनांमागे उलट्या अक्षरांची करडी धूळ दिसायला लागली.

ती बघतच राहिली. मागचं हवं तर पुढचंही जाणार. ते पान फाडलं असतं तर आमचंच नाक कापलं गेलं असतं. पाठकोरा कागदसुद्धा मिळत नाही इथं. एक कोरं पान चुकून जात नाही.

"अगं, धर ना नीट! काय झालं?"

"आई," दर्शना म्हणाली, "कुणी काही चोरलेलंच नाहीये हो."

सोमवारी सकाळी तिनं काही बोलायच्या आत दुसरी एक फाइल उघडली. पोटगीची होती. साक्ष मध्येच तुटलेली, नंबर मात्र ओळीनं. तिसरी उघडली, जागेच्या भांडणाची, तीही तुटलेली. चौथी, पाचवी. तिनं पडदा बंद केला, आणि सरळ मॅडमच्या चेंबरकडे निघाली.

६

"मॅडम, आपल्याकडे पूर्वी एका बाजूनंच छापायचे," दर्शना सांगत होती. चेंबरचं दार लावलेलं होतं. "मागची बाजू पाठकोरी. मिहिरचं यंत्र दोन्ही बाजू स्कॅन करायचं, तर निम्मी पानं कोरी यायची. ऑडिटनं त्यांचे पैसे अडवले. म्हणून त्यानं मागची बाजू बंद करून टाकली. तेव्हा ते बरोबरच होतं."

"बरं."

"इकडे आपण कागद वाचवायला लागलो. दोन्ही बाजूंनी छपाई. ही काटकसर आपल्या इमारतीत झाली, ती त्याच्या गाळ्यात. एकमेकांना कुणी सांगितलंच नाही. या खटल्यातला दोन्ही बाजूंनी छापलेला पहिला कागद म्हणजे कुंडलिकची साक्ष. पुढे सरतपासणी, मागे उलटतपासणी."

"पण नंबर?"

"काकांची पद्धत जुनी. एका कागदाला एक नंबर, तोही पुढच्या बाजूला. पाठीला नंबर कधीच नसतो. त्यामुळे पाठ गेली तरी नंबर तुटत नाही. बेचाळीसवर जी करडी धूळ दिसते ना, ती उलटतपासणी आहे, मॅडम. सॉफ्टवेअरनं साफ केली. वाचता येत नाही, मी खूप प्रयत्न केला."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "म्हणजे त्या दिवसापासूनच्या सगळ्या फाइली?"

"ज्या स्कॅन झाल्या त्या सगळ्या. पाच उघडल्या, पाचही तशाच. वाचलंय कुणी? तारीख पडते, पुढे जाते. निकालाची वेळ या खटल्याची आधी आली, एवढंच."

मॅडमनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "चोर सापडला असता तर बरं झालं असतं, दर्शनाबाई. चोराला शिक्षा देता येते."

"मॅडम, पण प्रबुद्ध? आता तर तुम्हाला माहीत आहे ना."

"मला माहीत असून काय उपयोग? मला फाइलीवरून निकाल द्यायचाय, आणि फाइलीत तो दोषी आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "एक मार्ग आहे. वर लिहू. कागद आपल्या कारभारामुळे गेले असं त्यांनी मान्य केलं, तर वकिलांची आणि हजर असलेल्यांची शपथपत्रं घेऊन उलटतपासणी पुन्हा उभी करायची परवानगी मागता येईल. तुम्ही अहवाल द्या. आजच."

दर्शनानं जीव ओतून अहवाल लिहिला. एका कागदावर मावला. आधी संशय मांडले, मग ते खोडून काढले, शेवटी सही. प्रिंट घेऊन मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी पुढचं-मागचं वाचलं, मान डोलावली. त्या संध्याकाळी दर्शनानं बाळकाकांना फोन केला. "काका, सुटलात तुम्ही. आणि पोरगंही सुटेल बघा."

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

७

उत्तर यायला पावसाळा उजाडला. दर्शनानं ते पडद्यावर उघडलं.

'आपल्या अहवालानुसार पान रेकॉर्डकीपर श्री. मयेकर यांनी काढल्याचे दिसते. त्यांच्यावर कारवाई करावी. अभिलेख पुन्हा उभारण्याची आवश्यकता नाही. उपलब्ध अभिलेखावर खटला निकाली काढावा.'

"माझ्या अहवालानुसार?" ती ओरडलीच. तिनं सोबत जोडलेला अहवाल उघडला. एकच पान होतं. नंबर मारायचं यंत्र फक्त मयेकर यांच्या ताब्यात होते. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. फाइल पाहायला एक कारकून आला होता. आणि शेवटची ओळ : 'सबब प्रथमदर्शनी संशय श्री. मयेकर यांच्यावर जातो.'

पुढचा शब्द होता 'परंतु'. तो पाठीमागे होता.

कागद तिनं हातोहात मॅडमना दिला होता. पण वर कागद जातच नाही, स्कॅन जातो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मॅडमच्या शिपायानं नेहमीप्रमाणे तो मिहिरकडे दिला. यंत्रानं नेहमीप्रमाणे पुढची बाजू घेतली. वर मॅडमचं डिजिटल सहीचं पत्र होतं, 'सोबतच्या अहवालाशी मी सहमत आहे', म्हणून खाली दर्शनाची सही नाही हे कुणाला खटकलं नाही. सगळ्या जगाला समजावून सांगणारी ही बाई, स्वतःच्याच हातानं काकांच्या गळ्यात फास अडकवून बसली होती.

तिनं वर फोन लावला. चार ठिकाणी फिरवून पाचव्यानं ऐकून घेतलं. "दुरुस्तीचा अर्ज करा ना मॅडम. पोर्टलवर."

"कसा?"

"स्कॅन करून."

तिनं अर्ज केला; पोच आली, उत्तर आलं नाही. मिहिरनं हात वर केले. सेटिंग बदलायला त्याला लेखी आदेश हवा होता, आणि दर वाढवून हवा होता. दर वाढवायला नवं बजेट हवं होतं. मॅडम तेवढं एकच करू शकत होत्या, ते त्यांनी केलं. निकाल पुढे ढकलला. पण त्यांचीही बदली ठरली होती, आणि येणारे जज फाइलच वाचणार होते.

संध्याकाळी मीरा आली. दर्शनानं तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे तो बोलला, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे?"

"हो."

"जज बाईंनाही?"

"हो, त्यांनाही."

"आणि तरी पोरगा आतच?"

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचीही तिला लाज वाटली. रडायचा हक्क समोरच्या बाईचा होता.

"मग मला कागद द्या एक," मीरा म्हणाली. "शपथेवर लिहून देते. त्याचा शब्द न् शब्द आठवतोय मला. नवीन साहेबांच्या हातात देईन."

तिच्या एकटीच्या लिहिण्याला कोर्टात काडीची किंमत नव्हती. दर्शनाला ते ठाऊक होतं. तरी तिनं कागद दिला, पेन दिलं. मीरा टेबलावर वाकली आणि शाळकरी पोरीसारखं एकेक अक्षर गिरवत लिहू लागली. कुंडलिक कुठे उभा होता, त्यानं हात कसे जोडले, कोण हसलं, कोण गप्प झालं. मोठं मोठं लिहिता लिहिता कागद भरत आला. तोंड झाकलं होतं आणि मालकानं नाव सांगितलं, तिथवर येईतो खाली जागाच उरली नाही. कागद वाया कशाला घालवायचा म्हणून तिनं तो सवयीनं उलटला, आणि पाठीवर पेन टेकवलं.

दर्शनानं झटकन तिचा हात धरला.

"तिथं नका लिहू, मीराताई," ती म्हणाली. "मी दुसरा कागद देते."